कथात्म वाङ्मयातील पात्रांचे नामकरण

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन प्रयोगांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिला पाळण्यापाशी होतो आणि दुसरा पाठीमागे. कादंबरीकाराच्या वाट्याला दोन्ही येतात. तो आपल्या पात्राला नाव ठेवतो आणि ते चुकले तर वाचक त्याला नावे ठेवतात. इतके असूनही आपल्या समीक्षेत कथानक, स्वभावलेखन, वातावरण, निवेदन यांचा जेवढा खल झाला त्याच्या शतांशानेही पात्रांच्या नावांचा झालेला नाही. नाव ही लेखकाच्या लहरीची बाब समजून आपण ती सोडून दिली आहे.

हा विषय हाती घेण्यास एक लहानसे निमित्त घडले. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या दीर्घकथेचे हस्तलिखित वाचावयास दिले. त्याचे गाव कोल्हार. नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता जेथे प्रवरा ओलांडतो, तेथे नदीच्या एका अंगास राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्द आणि दुसऱ्या अंगास राहाता तालुक्यातील, भगवतीदेवीच्या देवस्थानामुळे ख्यात असलेले कोल्हार बुद्रुक अशी जोडगावे आहेत. कथा होती १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडण्याच्या कामावर जाणारा नायक, आटलेली विहीर, दावणीची मोकळी जागा हे सारे त्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून मोठ्या निष्ठेने लिहिले होते. परंतु नायकाचे नाव होते आर्यन आणि त्याच्या आईचे शर्वरी! विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, “नावे सुचेनात, म्हणून तूर्त भाचरांची घातली.” त्याच्या स्वतःच्या आजोबांचे नाव रावसाहेब. तेच का घातले नाही, असे विचारता त्याचे उत्तर असे की, पुण्यामुंबईच्या वाचकाला ते आजोबा मामलेदार वाटतील.

हे उत्तर वरवर पाहता हास्यास्पद वाटेल, पण त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. नगर जिल्ह्याच्या या भागात भाऊसाहेब, रावसाहेब, बाळासाहेब, अण्णासाहेब, दादासाहेब ही बारशाला ठेवलेली नावे आहेत. शाळेच्या दाखल्यावर, सात-बाराच्या उताऱ्यावर, मतदारांच्या यादीत ती तशीच येतात. अन्यत्र ज्या पदव्या किंवा आदराच्या हाका, त्या येथे जन्मनावे झाल्या. मुलगा मोठा होऊन साहेब व्हावा ही इच्छा त्यामागे असेल, किंवा एखाद्या वजनदार माणसाचे अनुकरण असेल. काहीही असो, मोट हाकणारा रावसाहेब आणि त्याच्या बांधाला बांध असलेला भाऊसाहेब ही येथील वस्तुस्थिती आहे. तिच्यावर टीप देण्याचेही कारण नाही. “अरे रावसाहेबा, बैलांना पाणी दाखव,” एवढे एक वाक्य बापाच्या तोंडी घातले की पुण्याच्या वाचकाच्या मनातील मामलेदार आपोआप निघून जातो, आणि त्याला गावाची एक खूणही पटते.

यावरून जे सूत्र हाती लागते ते असे : पात्राचे नाव लेखकाने ठेवावयाचे नसते. ते पात्राच्या घरच्यांनी ठेवलेले असते आणि गावाने वापरून झिजवलेले असते. लेखकाने ते शोधून काढावयाचे. हे नाव कोणी ठेवले, कोणत्या साली ठेवले, कोणाच्या भीतीने किंवा कोणत्या नवसाने ठेवले आणि आज या माणसाला कोण कोणत्या रूपाने हाक मारतो, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला नाव ‘सुचावे’ लागत नाही. ज्याच्यापाशी ती नाहीत त्याला सुचलेले नाव कितीही गोड असले तरी परके राहते.

मराठी कादंबरी या जाणिवेपर्यंत एकदम आलेली नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’ची (१८५७) नायिका यमुना आणि तिचा पती विनायक ही घरातली, रोजच्या व्यवहारातली नावे आहेत. पण लगेच पुढे हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) येतात, आणि धनशंकर, वसंतमाधव अशा नावांचे नायक अवतरतात. ही नावे कोणत्याही आजीने कोणत्याही पाळण्यात ठेवलेली नव्हती. ती संस्कृत कथांच्या आणि अद्भुताच्या प्रदेशातून आलेली होती, आणि त्या प्रदेशात ती शोभतही होती. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९० ते १८९३) लिहिताना नायिकेला पुन्हा यमू केले. यमूची मैत्रीण दुर्गी, सासरचे शंकरमामंजी. या नावांबरोबर वाड्याचा दिंडी दरवाजा उघडल्यासारखे वाटते. ‘दुर्गी’ या ईकारान्त हाकेत मायाही आहे आणि मुलीच्या जातीविषयीची बेपर्वाईही आहे. ती दुर्गा झाली असती तर हे दोन्ही गेले असते.

यमुनेचा धागा येथे संपत नाही. केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्ये’ची (१९३०) नायिका कालिंदी आहे, आणि कालिंदी म्हणजे यमुनाच. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या अवधीत तीन कादंबरीकारांनी आपल्या नायिकेस एकाच नदीचे नाव दिले. परंतु यमुना, यमू आणि कालिंदी या तीन बायका एकमेकींच्या घरी पाहुण्या म्हणूनसुद्धा गेल्या नसत्या. कालिंदी हे नाव ठेवणारा बाप शिकलेला असावा लागतो. त्याला यमुना हे नाव जुने वाटू लागलेले असावे लागते, आणि तरी नदीचे नाव टाकवत नसावे लागते. आईच्या कुळावरून जिला समाज आपले म्हणावयास तयार नाही अशा मुलीला हे उंच, थोडे एकाकी नाव फार जुळते. केतकरांनी हा विचार जाणून केला होता की नाही याची चर्चा येथे नको. नाव बरोबर पडले आहे, एवढे खरे.

जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे म्हटले आहे. महाराष्ट्राने हे कधीच मानलेले दिसत नाही. गंगा, गोदावरी, कृष्णा, कावेरी, चंद्रभागा यांच्यावाचून आपल्या मागील पिढ्यांतील एकही घर पूर्ण होत नाही. प्रवराकाठी गोदावरी नावाच्या आज्या पुष्कळ भेटतात. प्रवरा नावाची आजी मात्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. घरापुढून वाहणारी नदी नाव म्हणून घ्यावयाची नाही, दूरची घ्यावयाची, अशी काही रीत यामागे असेल काय, हे एखाद्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे.

१९२० नंतरच्या कादंबरीत नावांना निराळे वळण लागले. मध्यमवर्गीय सुशिक्षित नायक-नायिका आल्या, त्यांची नावे सुटसुटीत, श्रुतिमधुर आणि बहुधा आडनावाविना वावरणारी झाली. नाट्यवाङ्मयात सूचक नावांची परंपरा आधीपासून होती. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) जरठ वर भुजंगनाथ आणि द्रव्यलोभी बाप कांचनभट आहेत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’तील तळीराम तर नाटकातून उठून भाषेत जाऊन बसला, आज मद्यप्याला तळीराम म्हणणाऱ्या कित्येकांनी ते नाटक पाहिलेलेही नसते. कादंबरीने ही उघड सूचकता टाकली, पण तिच्या जागी जे आले ते एका अर्थी अधिक फसवे होते. नायकाचे नाव असे ठेवावयाचे की त्यावरून तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या मिळकतीचा हे काहीच कळू नये. हे तटस्थ नाव वाचकाला कोठेही अडवत नाही, म्हणून ते सोयीचे. परंतु मराठी समाजात असे तटस्थ नाव नसते. ज्याला आपण तटस्थ म्हणत होतो ते शहरातील पांढरपेशा घरातले नाव होते, आणि वाचकही त्याच घरातला असल्यामुळे त्याला त्यात काही विशेष दिसत नव्हते. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून ललितलेखनाच्या तंत्राची मोठी जागृती केली, पण त्या पिढीच्या कादंबऱ्यांतील नावांकडे आज पाहिले तर तंत्राच्या पलीकडचा हा प्रश्न त्या काळी फारसा जाणवलाच नव्हता असे वाटते. वामन मल्हारांचा मात्र अपवाद केला पाहिजे. ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) या शीर्षकातच दोन आडनावे आहेत. पत्ररूप कादंबरीत सहीपुरती ती लागतातच, पण आडनावासकट उभ्या राहिलेल्या या दोघी कोणाच्या तरी मुली आणि सुना म्हणून उभ्या राहतात, नुसत्या ‘नायिका’ म्हणून नव्हे.

विनोदी लेखकांचे कान या बाबतीत नेहमीच अधिक तिखट राहिले आहेत. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावांच्या बायकोचे नाव कावेरी, पण हाक ‘काऊ’. घरात मैनाही आहे. एका मध्यमवर्गीय बिऱ्हाडाला असा पाखरांचा पिंजरा करून टाकणारा आणि त्यात गुंड्याभाऊसारखे एक दणकट नाव सोडून देणारा लेखक नावांविषयी बेसावध होता असे कोण म्हणेल? पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील (१९६२) अंतू बर्वा पाहा. सरकारदरबारी हा गृहस्थ अनंत बर्वे असणार. कोकणात ‘बर्वे’ या आदरार्थी वाटणाऱ्या रूपाचे एकवचन करून ‘बर्वा’ म्हणतात. त्यात सलगी आहे, तिरकसपणा आहे, आणि माणसाची पैशाने झालेली अवस्थाही आहे. मुंबईस नोकरीवर असता तर तो बर्वेच राहिला असता. एका एकाराचा आकार होताच सारी रत्नागिरीची आळी बोलू लागते.

ग्रामीण वाङ्मयाने नावाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उघडा केला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहातील लेखांची शीर्षके वाचली तरी गावाची रचना ध्यानात येते : धर्मा रामोशी, शिवा माळी, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला. येथे आडनाव एकालाही नाही. आडनावाच्या जागी कोठे जात आहे, कोठे सरकारी काम आहे, कोठे बापाचा किंवा घराचा धंदा आहे. गावाला माणूस ओळखावयाचा असतो तो असा. आडनावाला नित्याचा उपयोग मिळाला तो पुढे शाळांमुळे आणि सरकारी दप्तरांमुळे. गावात ते आडच असते. ‘बनगरवाडी’त (१९५५) वाडीचा प्रमुख कारभारी एवढ्याच नावाने वावरतो आणि वाचकाला त्याहून अधिकाची गरज वाटत नाही. उलट तेथे आलेल्या तरुण शिक्षकाला मात्र राजाराम विठ्ठल सौंदणीकर असे तीन पदरी नाव आहे, कारण तो दप्तरातून आलेला माणूस आहे. आणि तेही नाव वाडीच्या कामाचे नाही. वाडी त्याला मास्तर म्हणते.

याच ठिकाणी ‘-कर’ या प्रत्ययाविषयी लिहिले पाहिजे, कारण नवे लेखक सर्वांत अधिक चुका येथे करतात. गाव कोल्हार, म्हणून नायक कोल्हारकर, इतका सरळ हिशेब केला जातो. परंतु कोल्हारात कोणी कोल्हारकर नसतो. तेथे सारेच कोल्हारचे! तेथे विखे, खर्डे, कडू, थोरात, तांबे अशी या परिसरातील आडनावे चालतील. कोल्हारकर हे नाव माणसाला पडते ते तो गाव सोडून जातो तेव्हा, आणि ते ठेवतात परगावचे लोक. म्हणजे ‘-कर’ प्रत्ययाच्या पोटात एक स्थलांतर दडलेले असते. एखाद्या वतनदार घराण्याने आपल्या वतनाच्या गावावरून नाव घेतल्याची उदाहरणे आहेत हे खरे. पण सामान्यतः गावावरून पडलेले आडनाव त्या गावाबाहेरच अर्थ देते. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर आहे. सांगवी हे खानदेशातील नेमाड्यांचे स्वतःचे गाव. पांडुरंग सांगवीतच राहिला असता तर त्या आडनावाला काही चव नव्हती. तो पुण्याच्या वसतिगृहात येऊन पडतो आणि प्रत्येक हजेरीत त्याच्या मागे ते गाव पुकारले जाते. पांडुरंग हा विटेवर उभा असलेला, आणि सांगवीकर हा गाव सुटलेला. या दोन शब्दांची ही जोडी कादंबरीच्या पहिल्या पानापासून काम करू लागते.

मात्र नावांत अर्थ पाहण्याचा हा छंद संशोधक विद्यार्थ्यांनी आवरता ठेवावा. राहुरी तालुक्याच्या या अंगाला कडू हे अगदी रुळलेले आडनाव आहे. उद्या तेथल्या एखाद्या लेखकाने आपल्या पात्राला ते दिले, तर त्याच्या जीवनातील कटुतेवर प्रबंधाचे एक प्रकरण लिहिले जाईल अशी रास्त भीती वाटते.

आतापर्यंतचा विचार रसिकतेच्या पातळीवरचा होता. पण या विषयाला एक दुसरी बाजू आहे, आणि तेथे हा खेळ राहत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे सांगितले आहे. नदीचा निषेध महाराष्ट्राने मानला नाही, हा निर्बंध मात्र गावगाड्याने मनापासून पाळला. दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकिरडा या नावांचे सगळे स्पष्टीकरण यातच आहे असे नाही. मुले जगत नसत, म्हणून मृत्यूची नजर चुकविण्यासाठी ओंगळ नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती, आणि धोंडो किंवा धोंडोपंत हे नाव ब्राह्मणांतही मिळते. पण फरक पाहावा. एक धोंडू मोठेपणी धोंडोपंत होतो. दुसरा साठी उलटली तरी धोंड्याच राहतो. तेव्हा मूळ नावापेक्षा त्याला पुढे लागणारा प्रत्यय अधिक बोलका असतो. -पंत, -राव, -शेट, -बुवा, -जी, -बा आणि नुसता -या, ही मराठी समाजाची उतरंड आहे. एकाच रामचंद्राचा रामचंद्रपंत, रामराव, रामभाऊ, रामबा, रामा किंवा राम्या काय व्हावयाचा, हे त्याचे आईबाप ठरवीत नाहीत. लेखकाने पात्राचे नाव ठरविताना ही सर्व रूपे मांडून पाहावीत, आणि कोण कोणते रूप वापरील ते ठरवावे. जमिनीच्या वादानंतर कालचा रामभाऊ आज पाटलाच्या तोंडी राम्या झाला, तर दोन पानांचे वर्णन वाचते.

‘बलुतं’ (१९७८) लिहिणारे दया पवार याच जिल्ह्यातले. अकोले तालुक्यातील धामणगाव त्यांचे गाव, म्हणजे प्रवरेच्याच वरच्या अंगाचा प्रदेश. त्यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. त्या आत्मकथनात दगडू हा दया पवारांना आपली हकीकत सांगतो. ही केवळ निवेदनाची युक्ती म्हणून पाहणे हा अन्याय होईल. ज्या माणसाने आपले नाव बदलले त्याच्यातून पहिला माणूस निघून जात नाही, आणि त्या दोघांना एका खोलीत बसविल्यावाचून हे पुस्तक लिहिताच आले नसते. नाव हा येथे लेखनाचा विषयच झाला आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावे ज्या घरांत आली त्या घरांत आजोबा दगडू किंवा कचरू असत. या दोन नावांमधले अंतर एका पिढीचे आहे, आणि कादंबरीकाराला त्याहून मोठा विषय शोधण्याची आवश्यकता नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षकातली चोरी व्यवहारात बहुधा आडनावापाशी सुरू होते, हे परगावी भाड्याने खोली शोधणाऱ्या कोणाही तरुणाला विचारावे. तेंडुलकरांच्या सखाराम बाईंडरानेही आडनावाच्या जागी धंदा लावून घेतला आहे. तो जन्माने ब्राह्मण, पण त्याला ते नकोच आहे. एकाला आडनाव लपवावे लागते, दुसरा ते टाकून देऊ शकतो.

म्हणून ज्या लेखकाने त्या वस्तीत पाय ठेवलेला नाही त्याने ‘अस्सल’ वाटावे एवढ्यासाठी पात्राला उकिरडा हे नाव देऊ नये. ते नाव कोणाच्या तरी अंगावर होते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक, गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधील चिंधी आणि नाग्या ही नावे खटकत नाहीत, कारण ती ठेवणारी माणसे कादंबरीत उभी आहेत. कौतिक या वऱ्हाडी नावात तर मूळचे ‘कौतुक’ आहे, आणि त्या बाईच्या वाट्याला पुढे काय येते हे वाचणाऱ्याला ते नाव सुखाने घेता येत नाही. नकुशी हे असेच नाव. २०११ साली सातारा जिल्ह्यात हे नाव लागलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींपैकी एखादीला घरची माणसे दुसऱ्या दिवशी कोणत्या नावाने हाक मारीत होती, ही कथा अजून कोणी लिहावयाची आहे.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न आणखी बिकट आहे. मराठी स्त्रीला पुष्कळदा दोन नावे असत. माहेरचे एक, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेले सासरचे दुसरे. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. कोल्हारला लागून असलेल्या राहुरीतही त्यांचे काही काळ वास्तव्य होते. नायिकेच्या आयुष्याची चाळीस वर्षे सांगणाऱ्या कादंबरीकाराने तिला कोणत्या नावाने पुकारावे? माहेरच्या माणसांच्या तोंडी जुने, नवऱ्याच्या तोंडी बहुधा कोणतेच नाही, मुले झाल्यावर अमक्याची आई. निवेदकाने यांपैकी एक निवडले की त्याने बाजू घेतली असे होते. पेंडशांनी ‘रथचक्रा’त (१९६२) नायिकेला नावच दिले नाही. ती ‘ती’ म्हणूनच येते. हा केवळ प्रयोग म्हणून आवडावा असा नाही. ज्या घरात तिला नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही, त्या घराचे ते यथार्थ वर्णन आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदोपत्री नावात आता मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे आणि नंतर आडनाव येते. ही मुले कादंबरीच्या वयाची होतील तेव्हा मराठी पात्राच्या तीन पदरी नावाचा चौथा पदर लेखकांना वापरता येईल. रशियन कादंबऱ्यांतील पितृनामांविषयी कुरकुर करणारा आपला वाचक तेव्हा काय म्हणतो ते पाहावे.

कालविपर्यासाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तो दोष थोड्या श्रमाने टळतो. शिर्डी कोल्हारहून दूर नाही आणि साईनाथ हे नाव आज या मुलखात घरोघर आहे. पण १८५७ च्या बंडात भाग घेणारा येथला तरुण साईनाथ असू शकत नाही. नावामागच्या श्रद्धेला जन्मसाल असते. याच न्यायाने, मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ही परंपरा ज्याला ठाऊक आहे, तो सतराव्या शतकातील मराठा घराण्यात पिराजी किंवा फकिरा आला तर दचकणार नाही. सुभाष, जवाहर, पुढे सचिन, ही तर उघड उघड सालावळीच आहे. गावांच्या नावांनाही हा नियम लागतो. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. १९७२ च्या कथेतील एसटीच्या पाटीवर मात्र अहमदनगर किंवा नुसते नगर असेच असले पाहिजे.

नावे मिळवावीत कोठून? बाल्झाकविषयी त्याचा मित्र गोझलान याने सांगितले आहे की, एका कथेसाठी हवे ते नाव मिळेना म्हणून त्याने पॅरिसचे रस्ते पाट्या वाचीत पालथे घातले, आणि अखेर मार्का हे नाव एका पाटीवर सापडले. आपल्याकडे पाट्यांपेक्षा चांगली साधने आहेत : जुन्या शाळेचा प्रवेश-निर्गम नोंदवही, देवळाच्या पायरीवर कोरलेली देणगीदारांची नावे, लग्नपत्रिकेच्या तळाशी दाटीने छापलेली आप्तमंडळी. शेवटचे साधन विशेष मोलाचे, कारण तेथे एका घराण्याच्या तीन पिढ्या एकदम भेटतात. पण यांतून नाव आणि आडनाव जसेच्या तसे उचलू नये. नाव एका घरचे आणि आडनाव दुसऱ्या घरचे घेतले म्हणजे गावही खरे राहते आणि कोणा जिवंत माणसावर बालंटही येत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामच्या आई’त (१९३५) आपल्या आयुष्याची कथा सांगताना पांडुरंगाचा श्याम केला. आईचे नाव यशोदा होते, तेव्हा मुलाचे दुसरे नाव शोधावयास फार लांब जावे लागले नसावे.

आमचा विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत कोल्हारला गेला आणि परत आला तो वहीभर नावे घेऊन. आर्यनचा आता दादासाहेब झाला आहे. त्याला बाप दाद्या म्हणतो, मुकादम पूर्ण नाव पुकारतो, आणि दुष्काळी कामावर एका पडशीतली भाकरी खाणारे त्याला दादा म्हणतात. कथा पुष्कळ सुधारली. आईच्या नावापाशी मात्र त्याचे काम अडले. हे पात्र त्याने आपल्या पणजीवरून घेतले होते, आणि पणजीला घरात सगळे ‘बाई’ म्हणत. सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. शेवटी नदीपलीकडे, कोल्हार खुर्दला राहणाऱ्या तिच्या नव्वदीच्या धाकट्या भावाने ते सांगितले. सांगताना म्हातारा थोडा वेळ थांबला, कारण ते नाव त्याने तिच्या लग्नानंतर उच्चारलेच नव्हते. विद्यार्थ्याने वहीत ते लिहून ठेवले आहे. कथेत अजून ‘बाई’ हेच नाव आहे.